‘मेमोरियल डे’ला मराठीत काय म्हणावे, आणि तो साजरा करावा की पाळावा?

विचारणा अशी: कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बहुतेक सभासदांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. संघाच्या मासिक पत्रकात मे महिन्यातल्या ‘मेमोरियल डे’विषयी चार ओळी द्यायच्या आहेत. त्याला ‘हुतात्मा दिन’ म्हटले तर चालेल का? आणि तो ‘साजरा करतात’ असे लिहावे की ‘पाळतात’?

दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी. पाळतात. ‘साजरा’ हा ‘साजिरा-गोजिरा’तला शब्द, शोभिवंत या अर्थाचा. साजरा करायचा तो सण, वाढदिवस किंवा विजय. व्रत, सुतक, मौन या गोष्टी आपण पाळतो, आणि गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस त्यांच्याच पंगतीतला आहे. म्हणून २६ जुलैचा कारगिल विजय दिवस साजरा झाला, असे लिहायला हरकत नाही, कारण नावातच विजय आहे. ३० जानेवारीचा हुतात्मा दिन मात्र पाळायचा. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे असते, त्यात साजरे करण्यासारखे काही नाही. तरी ‘हुतात्मा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे संदेश मोबाइलवर फिरतातच. तारखेच्या पुढे ‘हार्दिक शुभेच्छा’ चिकटवायची हाताला सवय लागली की असे होते. तिकडेही या दिवशी ‘हॅपी’ म्हटलेले सैनिकांच्या घरच्यांना रुचत नाही, तेव्हा फोनवर मुलांना शुभेच्छा देण्याची घाई नको.

आता नाव. त्यासाठी तो दिवस नेमका कोणाचा, हे पाहायला हवे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहायची रीत पडली. माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी १८६८ साली त्यासाठी ३० मे ही तारीख ठरवून दिली. तेव्हाचे नाव ‘डेकोरेशन डे’, म्हणजे थडगी सजवण्याचा दिवस. १९७१ पासून तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येतो. त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळते आणि फोनवर मुले सहलीचे बेत सांगतात. सैन्यात सेवेत असताना ज्यांचा मृत्यू झाला, त्यांचाच हा दिवस. हयात माजी सैनिकांचा सन्मान ११ नोव्हेंबरच्या ‘व्हेटरन्स डे’ला होतो. या दोन दिवसांची गल्लत मराठी मजकुरात फार दिसते; मे महिन्यातल्या दिवसाला ‘माजी सैनिक दिन’ लिहिले की अर्थ पार उलटा होतो.

‘हुतात्मा दिन’ अर्थाने जवळ जातो, पण मराठी वाचकाच्या मनात ती जागा आधीच भरलेली आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले (‘आहुती’ त्याच धातूपासून), म्हणून ज्याने स्वतःलाच अर्पण केले तो हुतात्मा. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने त्याला इथल्या मातीचा अर्थ दिला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, आणि आज ‘हुतात्मा चौक’ म्हटले की मराठी माणसाला सैनिक नव्हे, ते आंदोलक आठवतात. शिवाय ३० जानेवारी आहे, भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडच्या राजगुरूंचा २३ मार्च आहे, आणि लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे १९५९ साली मारल्या गेलेल्या पोलिसांच्या स्मरणाचा २१ ऑक्टोबर आहे. इतक्या दिवसांत आणखी एक ‘हुतात्मा दिन’ घातला तर वाचक नक्की कोणता धरणार?

‘शहीद दिन’ घेतला तरी हीच अडचण. काहींचा आक्षेप तो शब्द अरबी असण्याला असतो. तो मला पटत नाही. ‘शहीद’चा मूळ अर्थ साक्ष देणारा, ‘हुतात्मा’च्या मुळाशी यज्ञ, दोन्ही शब्द धर्माच्याच अंगणातून आलेले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत ‘शहीद’ ही वर्गवारीच नाही, असे सरकारने संसदेत सांगितलेले आहे. तेव्हा ‘अमुक जवानाला शहीद घोषित केले’ हे वाक्य भावनेने खरे असले तरी कागदोपत्री चुकीचे ठरते.

‘वीरगती’, ‘वीरमरण’, ‘धारातीर्थी पडणे’ हे शब्द लढाईतल्या मृत्यूचे. धारा म्हणजे शस्त्राची धार, तेच तीर्थ. फार देखणा शब्द, पण सियाचीनमध्ये हिमकडा कोसळून जवान गेला तर तो धारातीर्थी पडला असे लिहिणे कानाला खटकते. ‘कर्तव्य बजावताना मृत्यू आला’ हे साधे वाक्य तिथे चोख बसते. हिंदीच्या वळणाने ‘ते वीरगतीस प्राप्त झाले’ असेही लिहितात. मराठीत ‘त्यांना वीरमरण आले’ हेच सहज.

माझे मत असे: पहिल्यांदा ‘मेमोरियल डे’ हेच नाव द्यावे, लगेच ‘म्हणजे अमेरिकेतला सैनिक स्मृतिदिन’ असा खुलासा करावा आणि पुढे ‘सैनिक स्मृतिदिन’ वापरावे. नुसता ‘स्मृतिदिन’ एखाद्या व्यक्तीचा वाटतो, ‘पुण्यतिथी’ तर निश्चितच एकाची. ‘स्मृति’ समासात ऱ्हस्व, ‘स्मृतीदिन’ चूक. ‘हुतात्मा’ आलाच तर अनेकवचन ‘हुतात्मे’ आणि विभक्तीत ‘हुतात्म्यांना’, ‘हुतात्मांना’ नाही.

वर्णनातही दोन जागा निसरड्या आहेत. पुष्पचक्र ‘वाहतात’ किंवा ‘अर्पण करतात’. ‘घालतात’ तो हार. पुण्यातल्या घोरपडीच्या युद्धस्मारकावर १६ डिसेंबरला, म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या विजयाच्या दिवशी, पुष्पचक्रच वाहतात. दुसरी जागा ध्वजाची. अर्ध्यावर आणायचा ध्वज थेट अर्ध्यापर्यंत चढवत नाहीत. आधी टोकापर्यंत नेतात, मग अर्ध्यावर उतरवतात. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली घेतात. म्हणून ‘अर्ध्यावर उतरवला’ हा प्रयोग अचूक, ‘अर्ध्यावर फडकवला’ ढिला. मेमोरियल डेला तो दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर असतो, नंतर टोकाला जातो. ‘दिवसभर’ लिहू नये. दुपारी तीनला, ज्याच्या त्याच्या गावच्या वेळेनुसार, मिनिटभर स्तब्धता पाळण्याचे आवाहन असते.

पत्रकासाठी मजकूर असा जमेल: ‘मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे, म्हणजे सैनिक स्मृतिदिन पाळला जातो. सेवेत असताना मृत्यू आलेल्या सैनिकांच्या थडग्यांवर त्या दिवशी फुले आणि छोटे ध्वज ठेवतात. राष्ट्रध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतो.’ चौथी ओळ हवीच असेल तर ११ नोव्हेंबरचा ‘व्हेटरन्स डे’ निराळा, एवढे लिहावे.