हवा नेमकी कुठे अडलीय?

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. दमा, सीओपीडी (हवेच्या नळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), न्यूमोनिया. तिन्हींत धाप, तिन्हींत खोकला, तिन्हींत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, खाली. मग पेपरात वेगळं काय लिहायचं आणि वॉर्डात वेगळं काय करायचं, असं विचारलंयस. आधी ते लक्षणांचे तक्ते पाठ करणं थांबव. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे तक्ते सारखेच दिसायला लागतात. त्यापेक्षा पेशंटसमोर उभं राहून मनात एवढंच विचार: बिघाड कुठे आहे? हवेच्या नळीत, वायुकोशात (नळ्यांच्या टोकाच्या इवल्या हवेच्या पिशव्यांत), की वायुकोशाभोवतीच्या रक्तप्रवाहात? उत्तर सापडलं की लक्षणं आपोआप मागे येतात.

दम्यात बिघाड नळीत. ॲलर्जीच्या दम्यात धूळ किंवा परागकण आत गेले की मास्ट पेशींवर बसलेली आयजीई प्रतिपिंडं त्यांना पकडतात, पेशी फुटल्यागत हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन बाहेर टाकतात. मग नळीभोवतीचा स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट म्युकस साचतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा जवळपास 16 पट वाढतो, म्हणून थोडीशी सूजही माणसाला दमवते. औषधं दोन का, ते इथेच कळतं. सालब्युटामोल आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल करतं, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवायला स्टेरॉइड लागतं आणि त्याला काही तास जातात. ‘वाफ दिली ना, मग इंजेक्शन कशाला?’ असं नातेवाईक विचारतीलच. तेव्हा हे सांगता आलं पाहिजे.

दम्यात छातीतून येणारी शीळ श्वास सोडताना जास्त का ऐकू येते? सोडताना छातीतला दाब वाढतो आणि आधीच अरुंद झालेल्या नळ्या आणखी दबतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. जोरदार झटक्यातल्या पेशंटची शीळ अचानक बंद झाली, पण धाप तशीच आहे, बोलणं एकेका शब्दावर आलंय, डोळे मिटू लागलेत, तर तो बरा होत नाहीये. शीळ वाजायलाही हवा उरलेली नाही. एबीजीचंही, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीचंही, तसंच. सुरुवातीला भराभर श्वास घेतल्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी असतो. दमलेल्या पेशंटमध्ये तो ‘नॉर्मल’ आला तर हुश्श करू नकोस, डॉक्टरांना बोलाव.

सीओपीडीतही नळ्या अरुंदच, पण एम्फिसीमा असेल तर गोष्ट निराळी. तिथे वायुकोशांच्या भिंतीच झिजतात. धुरामुळे जमलेल्या पेशी इलास्टेज हे विकर सोडतात, ते फुप्फुसाची लवचीकता खाऊन टाकतं, आणि फुप्फुस जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखं ताणलं जातं पण परत मिटत नाही. छाती पिंपासारखी होते ती त्यामुळे. हा पेशंट टेबलावर कोपरं टेकून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडताना दिसेल. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. ओठ आवळले की नळ्यांत थोडा दाब टिकतो, त्या मिटत नाहीत आणि हवा बाहेर पडते. त्याला आडवं झोपवू नकोस.

ऑक्सिजनचं म्हणशील, तर कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या अशा पेशंटला सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के ठेवतात. ‘जास्त ऑक्सिजन दिला की श्वास घ्यायची प्रेरणाच जाते’ हे पाठ केलं असशील; तेवढ्यानं भागत नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. ऑक्सिजन वाढला की त्या सैल पडतात आणि रक्त हवा नसलेल्या भागात वाया जातं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं. म्हणून तो रक्तात चढतो. पण याची धास्ती घेऊन सॅच्युरेशन 80 वर आलेल्या माणसाचा ऑक्सिजन कुणी काढून ठेवू नये. लक्ष्य ठेवून द्यायचा, द्यायचाच नाही असं नव्हे.

न्यूमोनियात नळी मोकळी, वायुकोश भरलेले: द्रव, जंतू, पांढऱ्या पेशी. त्या भागातून जाणाऱ्या रक्ताला हवा भेटतच नाही, ते तसंच निळं पुढे जातं. म्हणून मास्क लावूनही सॅच्युरेशन अपेक्षेइतकं चढत नाही, आणि स्टेथोतून शिळेऐवजी बारीक करकर ऐकू येते. एकाच बाजूला न्यूमोनिया असेल तर चांगलं फुप्फुस खाली येईल असं कुशीवर वळवून बघ. गुरुत्वाकर्षणानं रक्त खालच्या, म्हणजे हवा असलेल्या फुप्फुसाकडे जास्त जातं आणि आकडा सुधारू शकतो. खोकल्यातून रक्त पडत असेल तर मात्र उलटं, आजारी बाजू खाली, म्हणजे रक्त चांगल्या बाजूत उतरणार नाही.

तिसरी जागा रक्तप्रवाह. पल्मनरी एम्बोलिझममध्ये हवा पोहोचते पण गुठळीमुळे रक्त पोहोचत नाही. छाती ऐकायला बहुतेकदा स्वच्छ, आणि माणूस मात्र अचानक धापा टाकतोय. ऑपरेशननंतर पडून असलेल्या पेशंटमध्ये हा मेळ दिसला की ताबडतोब कळव.

आणि श्वास मोजणं. चार्टवर सगळ्यांचे 18 किंवा 20 लिहिलेले बघते तेव्हा मला राग येतो. सॅच्युरेशन पडायच्या आधी बहुधा श्वासाचा वेगच वाढतो. नाडी बघतेयस असं दाखवत मनगट धरून ठेव आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघ. मोजतेयस हे कळलं की माणूस श्वास बदलतो.

प्ल्युरल इफ्युजन, म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी साचणं, मी मुद्दाम सोडलंय. तिथे बिघाड या तिन्ही जागांच्या बाहेर आहे. मग वायुकोश का मिटतात आणि ठोकल्यावर आवाज बद्द का येतो, हे तू मांडून पाठव.

तुझी
ट्यूटर मॅडम