'मिती', 'परिमाण' आणि चौथी मिती

बडोद्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, इंग्रजी 'डायमेन्शन'साठी मुलीच्या गुजराती माध्यमाच्या पुस्तकात 'परिमाण' असते, हिंदी वाहिन्यांवर 'आयाम' ऐकू येतो आणि घरातली वडीलधारी माणसे 'मिती' म्हणतात. तर मराठीत लिहिताना कोणता शब्द घ्यावा, आणि 'चौथी मिती म्हणजे काळ' हे म्हणणे बरोबर आहे का?

मराठीत 'मिती' लिहावे. 'परिमाण' चुकीचे नाही. कादंबरीला नवे परिमाण लाभले, असे आपण सहज लिहितो. पण मराठी विज्ञानलेखनात सदिश राशीला (म्हणजे वेग, बल यांसारख्या दिशा असलेल्या राशीला) 'परिमाण आणि दिशा' असतात असे शिकवले जाते आणि तेथे 'परिमाण' म्हणजे 'किती' हे सांगणारा आकडा असतो. एकाच परिच्छेदात हे दोन्ही अर्थ आले तर विद्यार्थ्याचा गोंधळ ठरलेला. 'आयाम' हिंदीत रुळला आहे, तो तेथेच शोभतो. शिवाय द्विमितीय, त्रिमितीय, चतुर्मितीय हे सामासिक शब्द मराठीत विनासायास तयार होतात.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक खोल आहे. मिती म्हणजे दिशा नव्हे. एखादे ठिकाण नेमके सांगण्यासाठी जेवढी परस्परांपासून स्वतंत्र मापे लागतात, तेवढ्या मिती. बडोद्याच्या मध्यभागी असलेल्या आपल्या मांडवीचेच पाहा. तेथून पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट या दरवाजांकडे जाणारे रस्ते फुटतात. दिशा चार झाल्या, पण मिती दोनच, कारण पश्चिमेकडचे अंतर म्हणजे पूर्वेकडचेच अंतर उणे चिन्हाने मोजलेले. शहरातील कोणतीही जागा मांडवीपासून पूर्वेकडे किती आणि उत्तरेकडे किती या दोन आकड्यांत सांगता येते, आणि ती जागा वरच्या मजल्यावर असेल तर उंचीचा तिसरा आकडा लागतो. यांतली पहिली मिती कोणती आणि तिसरी कोणती, याला काही अर्थ नाही. म्हणून 'चौथी मिती' या शब्दप्रयोगातील क्रमवाचक विशेषण थोडे फसवे आहे. 'चार मिती' म्हणणे अधिक नेमके.

आता कोणाला भेटायचे ठरवले, तर या तीन आकड्यांना 'किती वाजता' हेही जोडावे लागते. काळाला चौथी मिती म्हणण्याची कल्पना येथूनच सुचते आणि ती जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर याने 1754 मध्येच तिचा उल्लेख केला होता. परंतु चौथा आकडा लागतो एवढेच कारण पुरेसे नाही. आइन्स्टाइनने 1905 मध्ये विशिष्ट सापेक्षता सिद्धान्त मांडला आणि गणितज्ञ हर्मान मिंकोव्हस्कीने 1908 मध्ये जर्मनीतील कोलोन येथील व्याख्यानात त्याला भूमितीचे रूप दिले, तेव्हा खरे कारण स्पष्ट झाले: एकमेकांच्या सापेक्ष गतीत असलेल्या दोन निरीक्षकांना दोन घटनांमधील अंतरही वेगळे मिळते आणि कालावधीही वेगळा मिळतो, मात्र त्या दोहोंना विशिष्ट रीतीने एकत्र करून येणारी राशी दोघांनाही सारखीच मिळते. ही राशी काढताना काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणतात, म्हणजे एक सेकंद सुमारे 3,00,000 किलोमीटरांच्या बरोबरीचा धरतात. परंतु अंतरांचे वर्ग अधिक चिन्हाने घेतले, तर काळाचा वर्ग उणे चिन्हाने घ्यावा लागतो. काळ मिती आहे, पण लांबी-रुंदी-उंचीच्या जातीची नाही, हे त्या उणे चिन्हातच आहे.

मराठीत 'मिती'चा अर्थ तिथी असाही होतो. जुन्या पत्रांत 'मिती चैत्र शुद्ध प्रतिपदा' असे लिहीत. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांना काळाची मिती ठाऊक होती, असा निष्कर्ष मात्र काढू नये. 'मापणे' या अर्थाच्या 'मा' धातूपासून दोन्ही अर्थ निघाले, इतकेच.

गणितज्ञ जेव्हा चौथी मिती म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात काळ असेलच असे नाही. त्यांना लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींना काटकोनात असणारी आणखी एक दिशा अभिप्रेत असू शकते. ती डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण तिचा हिशेब करता येतो. चौरस स्वतःला काटकोनात सरकवला की घन होतो: सुरुवातीच्या जागेच्या 4 कडा, शेवटच्या जागेच्या 4, आणि 4 कोपऱ्यांनी सरकताना आखलेल्या 4, अशा 12 कडा. तोच घन चौथ्या दिशेने सरकवला, तर 12 आणि 12, शिवाय 8 कोपऱ्यांच्या 8, अशा 32 कडा आणि 16 कोपरे असलेली आकृती मिळते. घनाला 6 चौरसांची सीमा असते, हिला 8 घनांची असते. या अर्थी लिहिताना 'अवकाशाची चौथी मिती' असे पूर्ण लिहावे आणि आइन्स्टाइनच्या संदर्भात 'चतुर्मितीय अवकाशकाल' म्हणावे.