घाटात बंद, गार झाली की चालू

प्रश्न : माझी २००७ची पेट्रोल गाडी आहे, पुण्यातच घेतलेली. माहेर भोरला, त्यामुळे जाणंयेणं असतं. कात्रजच्या जुन्या घाटात गाडी गिअरमध्ये चालत असतानाच आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर येतो आणि इंजिन बंद पडतं. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी असतो. अर्ध्या तासाने एका सेल्फमध्ये सुरू! प्लग आणि फ्युएल पंप बदलून झाले. आता मेकॅनिक म्हणतात, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू. काय करू?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : ताई, ईसीएमला अजून हात लावू देऊ नका. तुम्ही काट्याचं लिहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर पेट्रोल तुटलं तरी चाकं इंजिनला फिरवत राहतात. मग काटा हळूहळू उतरायला हवा. तो एकदम शून्यावर येतो याचा अर्थ इंजिन फिरतंय ही खबरच पोचत नाही. ही खबर देतो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँकशाफ्ट) फिरताना टिपणारा सेन्सर. ती गेली की ईसीएम स्पार्कही थांबवतो आणि इंजेक्टरही. जुन्या सेन्सरमधली बारीक तारेची कॉइल तापली की आतून तुटते, गार झाली की पुन्हा जुळते. म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते.

ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघा, पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. पुण्यात बीएस-४ हे धुराचे नियम आले २०१०मध्ये, आणि दोष नोंदवणारी यंत्रणा गाडीत सक्तीची झाली ती त्यांच्याबरोबर. तुमची गाडी त्याआधीची. ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर तिच्याशी बोलतीलच असं नाही. कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. पी ०३३५ हा कोड निघाला तर रोख याच सेन्सरकडे, किंवा त्याच्या वायरिंगकडे.

खरी तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करायची. गार असताना सेल्फ मारून काटा थोडा उचलतो का, ते आधी पाहून ठेवा. काही गाड्यांत तो सेल्फवर हलतच नाही. उचलत असेल आणि घाटात तापल्यावर ढिम्म राहिला, तर संशय पक्का. दोन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर (वायरचा जोड) काढून मल्टिमीटरने ओहम, म्हणजे कॉइलचा रोध, मोजायला सांगा, गार असताना आणि तापल्यावरही. गरम असताना सर्किट ओपन, म्हणजे आतून तुटलेलं, दिसलं की सेन्सर गेला. तीन वायरींचा असेल तर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला. त्याला ओहम लावून काही कळत नाही, सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघावा लागतो. कपलरमध्ये तेल किंवा गंज आहे का, उंदराने वायर कुरतडली आहे का, हेही पाहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्राणी कायम वस्तीला असतो.

बदलणं सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, बोल्ट सोडायचा, ओ-रिंगला थेंबभर इंजिन ऑइल लावून नवा हाताने दाबून बसवायचा. ठोकायचा नाही. नाना पेठेत स्पेअर पार्ट्स घ्यायला जाताना जुना सेन्सर बरोबर न्या आणि त्यावरचा नंबर जुळवूनच घ्या. इलेक्ट्रिकल माल सहसा परत घेत नाहीत. इथे डुप्लिकेट नको आणि जुन्या बाजारातला तर नकोच.

आणि काढलेला फ्युएल पंप गॅरेजमधून मागून घ्या. बहुधा चांगलाच असेल.