दोन इंटरकॉम एक्सचेंज जोडलेली असूनही पलीकडचा नंबर थेट का लागत नाही?

तुम्ही विचारलंय की दोन इमारतींची एक्सचेंज (इमारतीतले फोन एकमेकांना जोडून देणारी यंत्रं) जोडलेली असताना पलीकडच्या २०५ साठी आधी ७ का दाबावा लागतो आणि तो काढून टाकता येईल का. काढता येतो, पण त्यासाठी दोन्हीकडचे नंबर वेगवेगळे असायला हवेत.

तुम्ही नुसतं २०५ दाबलंत तर तुमचं एक्सचेंज स्वतःकडचा २०५ वाजवणार. पलीकडेही एक २०५ आहे हे त्याला कळायला वाव नाही. ७ आला की ते मोकळी टाय लाइन, म्हणजे दोन एक्सचेंजना जोडणारी लाइन, पकडतं आणि पुढचे अंक तिच्यावर सोडतं. जुन्या यंत्रणेत ७ नंतर पलीकडचा डायल टोन ऐकू येतो. त्याआधीच बटणं दाबली तर पहिला अंक वाया जातो आणि भलताच फोन वाजतो. नव्या यंत्रणा सगळे अंक साठवून एकदम पाठवतात, त्यामुळे थांबायची गरज नसते.

७ नको असेल तर इकडे २०० ते २९९ आणि तिकडे ३०० ते ३९९ असे नंबर वाटून घ्या. मग ‘३ ने सुरू होणारे तीन अंक जसेच्या तसे टाय लाइनवर’ एवढा एक नियम इकडे आणि २ साठी तसाच तिकडे पुरतो. बाहेरच्या लाइनसाठी ठेवलेला ० किंवा ९ मात्र यात वापरू नका. ३० आणि ३०५ असे दोन्ही नंबरही देऊ नका, नाहीतर ३० दाबल्यावर अजून अंक येतोय का हे पाहायला एक्सचेंज काही सेकंद अडून बसतं. लोकांना वाटतं फोन बिघडला.

७ ठेवणार असाल तर तो पुढे पाठवण्याआधी गाळला जातोय ना, हे प्रोग्रामिंगमध्ये तपासा. दोन्हीकडे ७ म्हणजे समोरचं एक्सचेंज आणि दोन्हीकडे तो गाळायचा राहिला, तर ७२०५ पलीकडे जाऊन दुसऱ्या लाइनवरून परत येतो, पुन्हा जातो, आणि एकाच कॉलमध्ये सगळ्या टाय लाइनी अडकतात. मग कुठलाही नंबर लावा, ७ दाबल्यावर लगेच एंगेज टोन.

अर्थात तो टोन साध्या गर्दीनेही येतो. चार टाय लाइनी असतील तर एका वेळी चारच कॉल. ई-१ लिंक, म्हणजे एकाच जोडणीवरून अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन, असेल तर साधारण ३०.

अजून एक, जे बहुतेकजण विसरतात: तुमचा मिस्ड कॉल पलीकडे नुसता २१२ असा दिसला आणि त्यांनी तोच परत लावला, तर त्यांच्याच इमारतीतला २१२ वाजेल. म्हणून टाय लाइनवरून येणाऱ्या नंबरापुढे ७ जोडून दाखवण्याची सोय तुमच्या एक्सचेंजमध्ये आहे का, ते बसवणाऱ्याला विचारा. नसेल आणि एकसारखे नंबर थोडेच असतील, तर मी सरळ नंबर बदलेन.