हुमणीसाठी मेटारायझियम दरवर्षी नवंच आणा

प्रश्न (ऊस उत्पादक, वाळवा तालुका): उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी तीन वर्षांपूर्वी मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीची पिशवी आणली. गूळ-बेसनाच्या पाण्यात ड्रममध्ये वाढवतो आणि त्यातलंच विरजण पुढच्या वर्षाला ठेवतो. पहिल्या वर्षी हुमणी मेली, आता फरक नाही. दुकानदार म्हणतो, डोस तिप्पट करा.

उत्तर: दादा, डोस तिप्पट करू नका. अशी विरजणं मी बऱ्याच गावांत पाहिली आहेत. ड्रम आंबट वासाने भरलेला असतो; त्यात मेटारायझियम किती आणि इतर जंतू किती, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि जे मेटारायझियम उरतं, त्याची मारक शक्ती घटलेली असते.

ही बुरशी बहुतेक वेळा संकराशिवाय, नुसत्या बीजाणूंनी वाढते. बीजाणू म्हणजे आधीच्या बुरशीची नक्कल. नक्कल होताना जनुकात चूक झाली की ती पुढच्या पिढ्यांत उतरते, आणि संकर नसल्यामुळे बाहेर पडत नाही. चुका साठत जातात. शेतात निदान हुमणीच चाळणी लावते: जिला अळीची कातडी भेदता येत नाही, ती बुरशी मागे पडते. गुळाच्या पाण्यात कातडी भेदायची गरजच नसते, म्हणून निकामी बुरशीही तिथे जोमाने वाढते. प्रयोगशाळेतही एका बशीतून दुसऱ्या बशीत नेत राहिलं, की बीजाणूंची हिरवी भुकटी कमी होऊन बुरशीचा नुसता पांढरा कापूस वाढू लागतो.

उसाचं बेणं आपण तीन-चार वर्षांनी बदलतोच ना? तिथलं कारण वेगळं, पण सवय हीच लावा. दर हंगामाला कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून ताजं कल्चर घ्या, पिशवीवरची मुदत बघून. उन्हात ठेवलेली पिशवी दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नका.

हेक्टरी २० किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, जून-जुलैत, ओल असताना, संध्याकाळी मातीत मिसळा. अळी लहान असतानाच. ऑगस्ट-सप्टेंबरात अळी मोठी झाल्यावर टाकलं तर पैसे वाया. दुकानदार 'सोबत कार्बेन्डाझिम घ्या' म्हणेल. घेऊ नका! ते बुरशीनाशक आहे आणि ही बुरशीच आहे. पुन्हा सांगतो, बुरशीनाशक एकत्र नको, तिप्पट डोस नको, जुनं विरजण नको.

अनुदानाचं महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) काय चालू आहे, ते कृषी सहायकाला विचारा.

शेतात कडक होऊन हिरवी पडलेली मेलेली हुमणी सापडली, तर फेकू नका; तिच्यावर हीच बुरशी असू शकते. कागदी पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणून द्या.