आधी मूळ स्वर, स्लॅप नंतर
तुम्ही बास गिटारच्या पहिल्याच महिन्यात स्लॅप (अंगठ्याने तारेवर थाप मारून वाजवण्याची पद्धत) शिकायला निघाला आहात, हे कळल्यावर मला भुसावळची एक हळद आठवली; अहिराणी गाण्यांच्या साथीला मी प्रत्येक रिकाम्या जागेत स्वर कोंबत होतो आणि गायिका सम शोधत वारंवार मागे वळून पाहत होती. सध्या मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) फक्त मूळ स्वर, म्हणजे ज्यावरून कॉर्डचे नाव पडते तो, किक ड्रमबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) वाजवा, आणि तो नेमका कुठे थांबतो याकडे अधिक लक्ष द्या.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:
- न वाजवायच्या तारा बोटाने हलकेच झाकल्या नाहीत, तर त्या घुमत राहतात.
- डाव्या हाताने गिटारची मान (लांब दांडा) आवळल्यास मनगट दुखते.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते, मोबाईलच्या स्पीकरवर तिचा गाभा हरवतो. म्हणून हेडफोन वापरा. स्केलचे (क्रमाने लावलेल्या स्वरांच्या सरावाचे) दोन महिन्यांनी पाहू.