मोल्सवर्थ: मोल नव्हे, वाडी

प्रश्न फार आवडला, कारण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मला जवळजवळ रोज लागतो आणि हे नाव इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलंय तरी त्याच्याकडे नाव म्हणून बघायला मीही बरीच वर्षं घेतली. तुम्ही विचारलंय की मोल म्हणजे किंमत आणि इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत, मग कोशकाराच्याच नावात दोन भाषांतला एकच अर्थ असा शेजारी शेजारी कसा आला, हे नाव त्याला इकडच्या शास्त्र्यांनी तर दिलं नाही ना, आणि मूळचे हे लोक कुठले. शिवाय मराठीत ते मोल्सवर्थ लिहायचं की मोलस्वर्थ.

नाव इकडचं नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या फौजेत आला तेव्हा ते आडनाव किमान पाचशे वर्षं जुनं होतं. इकडच्या लोकांनी दिलं ते ‘मोलेसर शास्त्री’, म्हणजे तोंडात न बसणारं ‘ल्सवर्थ’ घासूनपुसून सोपं केलं आणि पुढे मानाने शास्त्री जोडलं. १८३१ चा कोश आणि मग १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, एवढं काम केलेल्या माणसाला शास्त्री म्हणणं मला अगदी योग्य वाटतं. त्याच्या जोडीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ होते आणि शब्द जमवणारे, तपासणारे आपले पंडित होते, हेही विसरू नये.

आता किमतीचं बघू. आपला मोल संस्कृत मूल्यवरून आलाय, त्याचा इंग्लंडशी काही संबंध नाही. आणि नावातला वर्थ हा किमतीचा वर्थ नाहीच! जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, एक साधारण ‘वेओर्थ’ असा, म्हणजे किंमत, आणि दुसरा ‘वोर्थ’, म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार, घर आणि त्याच्या भोवतीची राखलेली जमीन. पुढे दोघांचे उच्चार आणि स्पेलिंग एकच झालं. आपल्याकडे वाट म्हणजे रस्ता आणि संस्कृतात वाट म्हणजे आवार, दिसायला एक पण शब्द दोन, तसंच काहीसं. आणि गंमत अशी की त्या संस्कृत वाटवरूनच आपला वाडा आणि वाडी आली, म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागाच. तेव्हा वर्थला मराठी प्रतिशब्द द्यायचा तर मी डोळे मिटून वाडी देईन (दोन्ही शब्द एका मुळाचे आहेत असं मात्र म्हणत नाहीये, फक्त अर्थाची चाल सारखी आहे).

राहिला मोल. तो म्हणजे मूल नावाचा माणूस. ऊ दीर्घ, उच्चार आपल्या मूल-बाळमधल्या मूलसारखाच, पण संबंध शून्य. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर, आणि ते माणसाचं नाव म्हणूनही चालायचं, केंटच्या गादीवर या नावाचा एक राजा होऊन गेला, त्याला ६८७ मध्ये लोकांनी उठाव करून जाळून मारलं. आपला मूल तो नव्हे, कोणीतरी साधा जमीनवाला असणार ज्याचं फक्त नाव उरलं. मधला स हा षष्ठीचा प्रत्यय, आपला चा-ची-चे. म्हणजे मूलची वाडी. सावंतवाडी जशी सावंतांची तशी.

ही वाडी अजून आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात हंटिंगडनशायर नावाचा जिल्हा होता, १९७४ पासून तो केंब्रिजशायरमध्ये गेला, तिथलं हे छोटंसं खेडं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ते सापडतं पण ‘मोलेसवोर्दे’ असं, आणि हे एक स्पेलिंग जरा थांबून बघण्यासारखं आहे. ती नोंद करणारे कारकून नॉर्मन, म्हणजे फ्रान्सहून आलेल्या राज्यकर्त्यांच्या वळणाचे. इंग्रजांचा तो जीभ दातांत धरून काढलेला थ त्यांच्या भाषेत नव्हता, मग त्यांनी तिथे द टाकून दिला. आणि ऊच्या जागी ओ लिहायची सवय त्यांचीच. बोलणाऱ्यांनी थ सोडला नाही म्हणून तो परत आला, पण ओ कायमचा बसला. त्या ओमुळेच आपल्याला आज तिथे मोल दिसतो, नाहीतर हा प्रश्न पडलाच नसता.

मग गावाचं आडनाव कसं झालं? अगदी आपल्या -कर सारखं. पुण्यात बसलेल्याला पुण्यात कोणी पुणेकर म्हणून वेगळा ओळखत नाही, तो गाव सोडून दुसरीकडे गेला की मग तो पुणेकर. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव ही बहुतेक वेळा गाव सोडल्याची खूण असते. तेराव्या-चौदाव्या शतकात पहिल्या एडवर्डच्या काळात एक सर वॉल्टर द मोल्सवर्थ दिसतो, बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायर या जिल्ह्यांचा शेरीफ, म्हणजे राजाचा अधिकारी. त्यातला ‘द’ म्हणजे ‘चा, कडचा’, आपला करच. पुढे तो गळाला आणि नुसतं गावाचं नाव राहिलं. मराठीत भाषांतर करायचं तर कोशकाराचं आडनाव मूलवाडीकर.

गाव सुटल्यावर नावाने जो प्रवास केलाय तो वाचताना नकाशाच उघडून बसावं लागतं. एक फांदी पहिल्या एलिझाबेथच्या वेळी इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये गेली, तिथल्या सरकारी जमिनींचे हिशेब तपासायला, आणि बॉडमिनजवळ पेनकॅरोला स्थायिक झाली. याच घरातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाला गेला, तिथे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा एजंट होता, मग बेटाचा गव्हर्नर झाला आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. त्या किताबामागे कुठला पैसा होता हे नावाचा इतिहास सांगताना गाळू नये असं मला वाटतं.

दुसरी फांदी सतराव्या शतकात आयर्लंडला गेली. रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारी होता. १६५६ मध्ये तो वारला, त्याच साली त्याच्यामागे मुलगा जन्मला, त्याचंही नाव रॉबर्ट, आणि हा मुलगा पुढे डेन्मार्कला इंग्लंडच्या राजाचा दूत म्हणून गेला आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे सरदार झाला. डब्लिनमध्ये या घराण्याच्या जमिनीवर जो रस्ता निघाला तो मोल्सवर्थ स्ट्रीट, आणि तो समोर जिथे संपतो तिथे लेन्स्टर हाउस आहे, म्हणजे आजची आयरिश संसद.

हे लक्षात ठेवा, कारण न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला जा, तिथेही संसदेला लागून जो रस्ता आहे त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीटच! पण हे नाव तिथे पोचलं ते आयर्लंडहून नाही, पेनकॅरोहून. त्या घरातला सर विल्यम मोल्सवर्थ (१८१० ते १८५५) वसाहतींच्या राजकारणात होता, कैद्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या पद्धतीची चौकशी करणारी १८३७-३८ ची समिती त्याच्याच अध्यक्षतेखाली बसली आणि १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी जाणं थांबलं. त्याचा भाऊ फ्रान्सिस त्याच सुमाराला नव्या वस्तीबरोबर वेलिंग्टनला उतरला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात मोल्सवर्थ नावाचं गाव आहे, टास्मानियात आहे, आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन म्हणून गुराढोरांचं एक फार्म आहे, क्षेत्रफळ सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर, देशातलं सगळ्यात मोठं. एका मूलने घातलेल्या कुंपणाचं नाव कुठवर गेलं बघा.

मूळ गावाचंही एक सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी विमानतळ झाला, अमेरिकन बॉम्बर विमानं तिथून उडायची. १९८० मध्ये तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, त्यानंतर युद्धविरोधी लोक तिथे तळ ठोकून राहिले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य आणि पोलीस रात्री येऊन त्यांना उठवून एका रात्रीत सगळ्या जागेला तारेचं कुंपण घालून गेले. हजारेक वर्षांपूर्वी कुंपणावरूनच ज्या जागेला नाव पडलं तिथे हे घडलं, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते.

वर्थवाली बाकीची नावंही अशीच सोडवता येतात. केनिलवर्थ म्हणजे किनेहिल्ड नावाच्या बाईची वाडी, बटरवर्थमध्ये खरोखरच बटर आहे, दूधदुभत्याची वाडी. वर्ड्सवर्थमध्ये मात्र वर्ड नाही, कवीचं आडनाव असल्यामुळे शब्दांचं मोल वगैरे फार लोक सांगतात, पण ते यॉर्कशायरच्या वॉड्सवर्थ गावावरून आलंय. हे आडनावही आपल्याकडे येऊन गेलंय, कवीचा नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता.

आता लिहायचं कसं. स हा मूलच्या मागचा चा आहे, वर्थचा नाही, त्यामुळे तोड मोल्स आणि वर्थ अशी पडते. मोलस्वर्थ लिहिलं की तो स वर्थला चिकटतो आणि नाव भलत्याच ठिकाणी तुटतं. इंग्रज बोलताना स चा झ करतात, मोल्झवर्थ, पण तेवढं मराठीत आणायची गरज नाही. मोल्सवर्थ लिहा.